कट्यारीचे घराणेदार

महाराष्ट्रात जन्माचा दाखला लागतो, जातीचा लागतो, रहिवासाचा लागतो. एका गोष्टीला मात्र कसलीही पडताळणी नाही : 'मी वसंतरावांची कट्यार पाहिलीय.' एवढं म्हटलं की समोरच्यानं मान खाली घालायची.

'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं २४ डिसेंबर १९६७ला. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, नाट्यसंपदेची निर्मिती आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतराव १९८३ साली गेले. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचा जन्म १९८२चा, तरी तो खाँसाहेब त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खोदून विचारलं तर म्हणाले, "आईच्या पोटात असताना ऐकलंय." अभिमन्यूचंही असंच झालं होतं. हेही १९६७मध्ये शिरलेत, बाहेर पडायचं तंत्र कुणी सांगितलेलं नाही.

हे पहिलं घराणं. दुसरं घराणं २०१०च्या पुनरुज्जीवनाचं : दिग्दर्शक सुबोध भावे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, सदाशिवच्या भूमिकेत महेश काळे. या मंडळींची अवस्था मधल्या सुनेसारखी. थोरलीचा मान नाही, धाकटीचे लाड नाहीत. तिसरं घराणं २०१५च्या दिवाळीत आलेल्या सिनेमाचं. लोकसंख्या सर्वांत जास्त, पंगतीत पान सर्वांत शेवटी.

तिसऱ्याला पहिल्यात प्रवेश हवा असेल तर तोंडी परीक्षा असते. "घेई छंद आवडतं? कुठलं?" पोरगं गोंधळतं. कुठलं म्हणजे? मग पहिल्या घराण्यातले एक काका डोळे मिटून सांगतात, खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी, त्यांचं सालगवराळी रागात, खाँसाहेबांचं धानीत. एकच पद दोन गळ्यांतून कसं वेगळं उमलतं हे दाखवायला अभिषेकीबुवांनी केवढी करामत केली! काकांनी तिचा उपयोग उंबरठ्यावर माणसं अडवायला केला.

सिनेमावर मुख्य आरोप असा की, तोंड एकाचं, गळा दुसऱ्याचा. सचिन पिळगावकर ओठ हलवतात, गातात राहुल देशपांडे. सुबोध भावेंना आवाज महेश काळेंचा. दुसऱ्या घराण्याची इथे पंचाईत होते, कारण गळे दोन्ही त्यांच्याच घरचे. शिव्या घालाव्यात तर आपल्याच माणसाला लागतात. शंकर महादेवन पंडितजी झाले आणि स्वतःच्याच तोंडानं गायले, तर आक्षेप आला, "पण ते नट कुठे आहेत?" 'अरुणी किरणी'साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा पहिलं घराणं म्हणालं, "हे मूळ नाटकात नव्हतंच." दुसरं म्हणालं, "आम्ही २०१०लाच ओळखलं होतं." तिसऱ्यानं रिंगटोन बदलली.

काकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. नाटकात वन्समोअर मिळाला की कथानक मुकाट्यानं बाजूला उभं राहतं, खाँसाहेब वैर विसरून पुन्हा समेवर येतात आणि दुसऱ्यांदा घेतलेली तान पहिलीसारखी नसते. पडद्याला हे जमत नाही. तो कितीही वेळा तेच आणि तसंच गातो. पण हा मुद्दा पटवून देण्यासाठी काकांनी सिनेमा तीनदा पाहिला. चुका शोधायला, असं म्हणतात. तिसऱ्यांदा रुमाल घेऊन गेले होते. आणि विशीतली पोरं अडीच-तीन तास राग ऐकत बसली ती याच सिनेमामुळे, हे मान्य करण्यापेक्षा त्यांना सालगवराळीचे आरोह-अवरोह उलटे म्हणणं सोपं जाईल.

मूळ गोष्ट कशाची आहे? दोन घराण्यांच्या वैराची. जिंकणाऱ्याला राजगायकपद, हवेली आणि एक कट्यार. तिनं केलेला एक खून माफ. घराण्याच्या अहंकारानं कलेचं काय होतं ते बघून प्रेक्षक डोळे पुसत उठतो आणि पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत खरी कट्यार कोणाची यावर हमरीतुमरीवर येतो. खाँसाहेबांना निदान एकाच खुनाची मुभा होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळच्या चहाच्या आत तीन पडतात.

२०२२ साली 'मी वसंतराव' आला. नातवानंच आजोबांची भूमिका केली. बाहेर पडताना १९८२वाले म्हणाले, "दिसायला ठीक. पण वसंतराव असे बसायचे नाहीत."

यंदा गणपतीत एका चौथीतल्या मुलीनं 'सूर निरागस हो' बसवलं होतं. निवेदकानं जाहीर केलं, "सादर आहे १९६७च्या अजरामर नाटकातलं पद." पहिलं घराणं जागच्या जागी उभं राहिलं. हे पद सिनेमाचं आहे, नाटकाशी त्याचा संबंध नाही! तिसरं घराणं म्हणालं, मग सिनेमाचं असलं म्हणून काय झालं? दुसऱ्यानं मध्यस्थी केली आणि दोन्हीकडून खाल्ली. अध्यक्षांनी मुलीला सांगितलं, बाळा, तू बस जरा, आधी हे मिटू दे. आरती साडेअकराला झाली. मुलीचा कार्यक्रम पुढच्या वर्षीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे, पदाच्या नावापुढची जागा कोरी ठेवून.