अराल्डाइट काका

अराल्डाइट काकांना धड लाकूड दाखवू नये, त्यांचा चेहरा पडतो. भिलाईच्या टाउनशिपमध्ये वादळानं शिसम आडवा झाला की लोक सरळसोट बुंध्याकडे धावतात. काका मात्र कुजकी गाठ, किडीनं पोखरलेली फांदी, उभा चिरलेला ओंडका हुडकतात आणि स्कूटरवर लादून घरी आणतात. “यात काम आहे!”

भिलाई स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये उभी हयात गेली. तिथे तडा गेलेला जॉब थेट भंगारात जायचा. त्याचं उट्टं ते आता घरच्या लेथवर तडकलेल्या लाकडाचे वाडगे कातून काढतात.

भेगेची जात बघून औषध ठरतं. केसाएवढी चीर असली तर फेविक्विक. ते पातळ, आपसूक आत झिरपतं आणि ओलाव्यानं घट्ट होतं. त्यामुळे पावसाळ्यात काकांची बोटं लाकडाआधी एकमेकांना चिकटतात. करंगळी जाईल एवढं भगदाड असलं तर अराल्डाइट. दोन्ही ट्यूबा सारख्या मापानं पिळायच्या, काडीनं सावकाश घोटायचं, बुडबुडे निघावेत म्हणून वरून काकूंचा हेअर ड्रायर. रंगासाठी शेजारच्या तमिळ मामींकडची कॉफीची पूड, नाहीतर चावीवाल्याकडचा पितळेचा कीस. लोखंडाचा कीस मात्र वर्ज्य! बाभळीसारख्या लाकडाला लोखंड आणि ओल एकदम लागली की काळे डाग पडतात. जन्म लोखंडात काढलेला माणूस हे सांगताना आवाज खाली आणतो.

फेविकॉलबद्दल आदर आहे, भरवसा नाही. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ची आणि फेविकॉलही १९५९चं, तेव्हा वावगं बोलायचं नाही. “पण ते दोन फळ्यांचं लग्न लावायला. खड्ड्यात भरलंत तर वाळताना आकसतं.”

लाख तर छत्तीसगडचीच, कुसुम आणि परसाच्या झाडावरची. कांडी तापवून चिरेत सोडली की भेग दिसेनाशी होते. गरम चहाचा पेला टेकवला की पुन्हा मऊ. म्हणून काकांचे लाख भरलेले वाडगे पाहुण्यांनी नुसते बघायचे असतात.

लेथ चालू झाला की सेफ्टीचं भाषण. तडकलेला वाडगा फिरताना फुटला तर ढलपी समोरच्या तोंडावर येते, म्हणून चेहऱ्यावर शील्ड आणि प्रेक्षक बाजूला. प्लांटमध्ये हे भाषण ते ऐकत असत. आता काकू ऐकतात, तांदूळ निवडत.

मागच्या मे महिन्यात घोळ झाला. ताज्या कापलेल्या शिसमचा एक वाडगा लेथवरून उतरला तो अगदी निर्दोष. ना गाठ, ना चीर. काकूंनी लगेच त्यात लिंबं ठेवली. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लिंबं ओट्यावर आणि वाडगा गच्चीवर.

“अहो, उन्हात तडकेल तो!”

“बघू,” म्हणत काकांनी वाडगा टाकीच्या सावलीतून हातभर बाहेर सरकवला.