परसातले धन्वंतरी

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या लालबर्रा गावात, बाजारात ‘केला’ आणि घरात ‘केळ’ म्हणणारा जो मराठी माणूस आहे, त्याच्यात एक पोटजात हमखास सापडते: परसातल्या आजारी केळीचे धन्वंतरी. वय निवृत्तीच्या थोडं अलीकडे-पलीकडे, कमरेला लुंगी, हातात बादली, आणि चेहरा अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकाचा. केळीचं एक पान पिवळं पडलं की यांचं जेवण कमी होतं आणि केळीचं पाणी वाढतं. या केळीला करपा झालेला असेल, पोटॅश कमी पडलं असेल, काहीही असेल. पण तिला जडलेला सगळ्यांत चिवट रोग म्हणजे हे गृहस्थ, असं माझं ठाम मत आहे. केळ दुर्लक्षाने क्वचित मरते. ती मरते शुश्रूषेने.

पहिला पुरावा पाण्याचा. बालाघाट हा धानाचा जिल्हा. चिन्नोर तांदळाच्या कौतुकात वाढलेल्या डोळ्याला साचलेलं पाणी दिसलं की पीक सुखात आहे असं वाटतं, म्हणून धन्वंतरी केळीभोवती चक्क बांधी घालतात आणि ती तुडुंब भरतात. केळ भरपूर पाणी पिते हे खरं, पण ती पाण्यात उभी राहत नाही. तिची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत पसरतात. तिथली हवा कोंडली की ती कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि पिवळी पानं पाहून पुन्हा बादली येते. यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, आमच्या आजीची केळ मोरीच्या सांडपाण्यावर वाढली!’ वाढली असेल. पण ते सांडपाणी वाहतं होतं, आणि भांडी चुलीच्या राखेने घासली जात होती. राखेत पोटॅश असतं आणि घड धरणाऱ्या केळीला पोटॅशची भूक मोठी. आता चुलीच्या जागी गॅस आला, राखेच्या जागी साबण आला. आजीचं तेवढं उदाहरण शिल्लक राहिलं.

दुसरा पुरावा कुटुंबवत्सलतेचा. बुंध्याशी सात-आठ मुनवे फुटले की धन्वंतरींना गोकुळ भरल्यासारखं वाटतं. एकही कापवत नाही. फारच आग्रह झाला तर ते अरुंद, तलवारीसारख्या पानांचा मुनवा उपटतात आणि रुंद पानांचा गुटगुटीत ठेवतात, कारण त्याला बाळसं आहे. नेमकं उलट हवं. रुंद पानांचा पाणमुनवा कंदाला नीट धरून नसतो, त्याच्यात दम नसतो. पुढे घड देतो तो तलवारी मुनवा. रावेर-यावलचा शेतकरी किंवा याच मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूरचा बागाईतदार जादा मुनवे वेळच्या वेळी काढत राहतो, आणि कोणी त्याला निर्दय म्हणत नाही. गंमत म्हणजे हेच धन्वंतरी सत्यनारायणाच्या चौरंगासाठी शेजाऱ्याच्या धडधाकट केळीचे चार खांब विनासंकोच मागून आणतात. जीव अडकतो तो फक्त आपल्या रोगट खुंटात.

तिसरा पुरावा त्याहून गंभीर. घड उतरवून झाला तरी यांचे उपचार चालूच. मुळात केळीचं खोड हे खोडच नव्हे; एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या बुडांचा तो खांब. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. एक खुंट एकदाच व्यायचा, मग त्याने वाळायचं आणि मुनव्याने पुढे यायचं, ही केळीची रीतच आहे. म्हणजे ज्याला धन्वंतरी मृत्यू समजतात तो वारसाहक्क असतो. ‘पण उभ्या खुंटातलं अन्न लेकराला मिळतं ना?’ हा त्यांचा एकच आक्षेप वजनदार आहे. मिळतं, म्हणून खुंट एकदम जमिनीसपाट न करता टप्प्याटप्प्याने कापावा. पण काही आठवड्यांची ती सोय पुढच्या पोळ्यापर्यंत लांबवली, तर कुजक्या खुंटात सोंड्या भुंगा बिऱ्हाड करतो आणि तो लेकराचा कंदही पोखरतो.

कोणी म्हणेल, माणूस प्रेमच तर करतोय, त्याची थट्टा कशाला? प्रेमाबद्दल तक्रार नाही, उतावळेपणाबद्दल आहे. पौषात पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की केळीची वाढ थांबते. तेव्हा ती आजारी नसते, थांबलेली असते. तिला खत नको, उन्हाची वाट हवी. म्हणून धन्वंतरींना एवढंच सांगणं: पाणी निघून जायला चर काढा, एक तलवारी मुनवा ठेवा, पाला बुंध्याशी पसरा, आणि फाल्गुनापर्यंत बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहा. धान बांधीत शोभतं. केळ धुऱ्यावरच लावावी.