गीझर बंद केला का?

यलोस्टोनला पोहोचून ‘गीझर बंद केला का?’ असं विचारणारी जमात जगात एकच असावी. मी त्याच जमातीचा, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. आपण बाथरूममधल्या टाकीला जो शब्द लावतो तो मूळचा आइसलँडमधल्या एका उसळत्या झऱ्याचा. यलोस्टोनचा ओल्ड फेथफुल त्याच कुळातला. साधारण दीड तासाने एकदा तो 14 ते 32 हजार लिटर कढत पाणी आभाळात उधळतो. त्याला बटण नाही. 1872 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हापासून आजतागायत कुणीही तो बंद केलेला नाही, आणि लोक याला निसर्गाचा चमत्कार म्हणतात. आपल्याकडे याला ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ म्हणतात. ओल्ड फेथफुलचं वर्णन इथे संपलं. खरा प्रश्न आहे तो भाड्याच्या मोटरहोमच्या कुशीत, जाळीच्या झाकणामागे बसलेल्या 23 लिटरच्या गीझरचा. मुक्कामाच्या जागी तो दिवसभर चालू ठेवावा की नाही? माझं मत: ठेवू नये. आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी लावावा, आंघोळी उरकाव्यात, बंद करावा.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारा माणूस बहुधा इंजिनिअर असतो. ‘गार झालेलं पाणी पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, त्यापेक्षा गरमच ठेवलेलं स्वस्त.’ ऐकायला पटतं, पण साफ चूक आहे. बुडाशी भोक पडलेली बादली डोळ्यांसमोर आणा. पाणी जितकं वर, तितकी गळती जोरात. पातळी खाली गेली की धार मंदावते. उष्णतेचंही तसंच. टाकीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं जास्त तापलेलं, तितकी उष्णता भराभर बाहेर पडते. मोटरहोमच्या टाकीभोवती थर्मोकोलची जेमतेम बंडी असते आणि एक बाजू थेट रानाकडे. अशी गळकी बादली दिवसभर काठोकाठ ठेवायची, की लागेल तेव्हा भरायची? दुसरा आक्षेप, सारखं चालू-बंद केल्याने यंत्र झिजतं. पण थर्मोस्टॅट दुसरं काय करतो? तो दिवसभर, कुणी न सांगता, चालू-बंदच करत असतो. रात्री दोन वाजता निजानीज असताना बर्नर ‘भस्स’ करून पेटतो, तेव्हा शेजारच्या गाडीतले लोकही उठून बसतात.

‘पण 23 लिटर म्हणजे काय, एका माणसाची चूळ!’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण तो घरातली तरुण मंडळी घेतात. हिशेब मांडू. पाणी 60 अंशांपर्यंत तापतं. नळाचं पाणी 15 अंशांचं धरलं, तर विसण घालून आंघोळीच्या बेताचं, 40 अंशांचं पाणी सुमारे 41 लिटर होतं. शॉवर मिनिटाला 6 लिटरने चालवला तर सात मिनिटांत खेळ खलास. हेच पाणी दोन बादल्या भरून उरतं. तांब्या-बादलीवर वाढलेल्या माणसाला दोन बादल्या म्हणजे दिवाळी. अमेरिकन शिबिरार्थी एकमेकांना मोठ्या गांभीर्याने शिकवतात की अंग ओलं करा, पाणी बंद करा, साबण लावा, मग पुन्हा पाणी सोडा. आपल्या आज्यांनी बंबाच्या पाण्यावर जन्मभर दुसरं काय केलं? आणि पाणी संपलंच तर हा गीझर गॅससारखाच विजेवरही चालतो: 1440 वॉटची कॉइल पाऊण-एक तासात टाकी पुन्हा तापवते. गॅसवर त्याच्या निम्म्याच वेळात.

आता अनर्थाकडे येऊ, कारण सहलीत नेमकं हेच घडतं. यलोस्टोनमध्ये गाडीला वीज जोडायची सोय असलेली मुक्कामाची जागा एकच: फिशिंग ब्रिज. (त्या पुलावरून मासे धरायला 1973 पासून बंदी आहे, नाव मात्र कुणी बदललेलं नाही.) वीज भाड्यातच, म्हणून गीझर सकाळपासून चालू. बऱ्याच गाड्यांची जोडणी 30 अँपिअरची, म्हणजे 120 व्होल्टवर 3600 वॉटची. त्यातले 1440 गीझरने आधीच गिळलेले. संध्याकाळी कुणीतरी चहाची किटली लावतं: आणखी 1500. त्याच मिनिटाला दुसरं कुणी खिचडी मायक्रोवेव्हमध्ये सारतं: आणखी 1500. खट्! सगळं गप्प. ‘कोणी काय लावलं?’ या प्रश्नाला कुठल्याच कुटुंबात खरं उत्तर मिळत नाही. आतला स्विच वर केला तरी काहीच सुरू होत नाही, म्हणजे पडलाय तो बाहेरच्या खांबावरचा. या जागेत कापडी तंबूंना मज्जाव आहे, कारण अस्वलं. तेव्हा घरातला कर्ता पुरुष एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा घेऊन, बनियनवर, ब्रेकर वर करायला निघतो. तिसरा हात नसल्याने ब्रेकर वर कशाने करायचा हा प्रश्न खांबापाशी पोहोचल्यावर पडतो. आतून सूचना येत राहतात. हे सगळं कशासाठी? तर दुपारी तीन वाजता कुणालाही नको असलेलं पाणी गरम राहावं म्हणून.

पैशांचा मुद्दा मी ताणणार नाही. 9 किलोच्या सिलिंडरमध्ये ही टाकी सत्तरेक वेळा तापते. वाचणारी रक्कम एका कॉफीइतकीही नसेल. पण जिथे वीज नाही तिथे त्याच सिलिंडरवर फ्रिज आणि हीटरही चालतात, आणि तो पहाटे तीनला संपला तर हिशेब डॉलरमध्ये होत नाही. जंतूंची भीती खरी आहे: कोमट, साचलेल्या पाण्यात ते वाढतात. पण रोज 60 अंशांपर्यंत तापून रोज उपसल्या जाणाऱ्या टाकीला ती लागू नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी मुळात रिकामीच करायची असते. कडाक्याच्या थंडीत टाकी गोठू नये म्हणून गीझर रात्रभर ठेवावा, हे मान्य. नळ्या मात्र त्याने वाचत नाहीत.

आणि एका जागी मी माझा सगळा युक्तिवाद मागे घेतो. मुलाकडे उन्हाळ्यात आलेली आई गाडीत असेल, तिथे. फिशिंग ब्रिजची उंची जवळपास 2400 मीटर आहे आणि जुलैतही पहाट गोठवते. ती पाचला उठणार, कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता गार पाण्यानेच तोंड धुणार आणि कुणाला काही बोलणार नाही. तिच्यासाठी रात्रभर चालू राहू द्या. किटलीच्या वेळी तेवढा बंद करा.

चालू करण्याआधी मात्र एक कराच. भाड्याची गाडी हिवाळ्यात टाकी रिकामी करून ठेवलेली असू शकते, आणि कोरड्या टाकीत कॉइल बघता बघता जळते. आधी गरम पाण्याचा नळ उघडा. फसफस थांबून सलग धार लागली की मगच बटण दाबा.