बाबुराव भंडारदऱ्याला जातात

तेरा वर्षांच्या कुत्र्याला 'बाब्या' म्हणून हाक मारायला जीभ रेटत नाही. आमच्या घरात त्याचा कधी बाबुराव झाला ते कळलंच नाही, आणि अहोजाहोही सुरू झालं. डोळ्यांवर निळसर झाक, मागच्या पायांत संधिवात, आणि ऐकू येतं ते फक्त फ्रिज उघडल्याचं. माणसाच्या हिशेबात पंच्याहत्तरी उलटून गेली आहे, जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर नवऱ्याचं म्हणणं, या वयात माणसं चारधामला जातात. बाबुरावांनी भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र काढली तर काय बिघडलं?

आमच्या दोघांचं सामान एका सॅकमध्ये बसलं. डिकी बाबुरावांची. त्यात जाड फोमची गादी, भात-चिकनचा डबा, घरचं पाणी, सांध्यांच्या गोळ्या, त्या गोळ्या लपवायला पनीर, आणि पनीर ओळखलं गेलंच तर लिव्हर. गाडीत चढायला नवऱ्याने इस्त्रीचं टेबल तिरपं लावून उतार केला. बाबुरावांनी तो हुंगला, त्यावर तंगडी वर केली आणि उचलून घेण्याची वाट बघत उभे राहिले. उचललं.

म्हाताऱ्या कुत्र्याला दर दोन तासांनी उतरवावं, असं जाणकार सांगतात. बाबुरावांच्या मते दर चाळीस मिनिटांनी. चाकणच्या कोंडीने दोघांचंही ऐकलं नाही.

नारायणगावला मिसळ खायला थांबलो, तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मायेने बाबुरावांपुढे कांदाभजी धरली. मी किंचाळलेच. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे मी त्यांना तपशीलवार समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, आमची तर शिळं कालवण खाऊन म्हातारी होत्यात," असं म्हणून भजी त्यांनी स्वतः खाल्ली. बाबुरावांनी पुढचा तासभर माझ्याकडे पाठ करून प्रवास केला, आणि चंदनापुरी घाटात नवऱ्याच्या नव्या जॅकेटवर पोट मोकळं केलं.

संगमनेर सुटलं आणि अकोले तालुक्याची पाटी दिसली, तेव्हा माझ्या वाचनाने दगा दिला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागात बिबट्या काय खातो ते शोधलं होतं. 2014 साली छापून आलेला तो हिशेब मला पाठ होता. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा. शेळ्यांचा 11.

"आणि आपण पानात वाढायला घेऊन चाललोय," मी म्हटलं.

नवऱ्याला अत्रेयबाईंचं दुसरंच काही आठवत होतं. माळशेज घाटात सोडलेला त्यांचा 'आजोबा' नावाचा बिबट्या 2009 मध्ये चालत चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला होता. "बघा बाबुराव," तो म्हणाला, "आजोबा पायी गेले. तुम्हाला तर एसी आहे."

शेंडीला तंबूवाले मामा वाटच बघत होते. समोर आर्थर लेक, पलीकडे डोंगरांची रांग. 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आणि 1646 मीटरचं कळसूबाई नवऱ्याने बाबुरावांना उत्साहाने सांगितलं. बाबुराव त्या वेळी मामांच्या चपलेचा अभ्यास करत होते.

"मामा, इथे बिबट्या येतो का?"

"येतो की. पण तुम्ही नका घाबरू. माणसाच्या वाटंला नाही जात तो." मग बाबुरावांकडे पाहून म्हणाले, "यान्ला मात्र आतच झोपवा."

तंबू दोन माणसांचा होता. बाबुराव त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके झोपले. उरलेल्या दोन त्रिकोणांत आम्ही. डिसेंबरची थंडी, चेन बंद, आणि आत लिव्हर पचत असलेला कुत्रा. ज्यांना तंबूतली रात्र रम्य वाटते त्यांनी ही सोय एकदा करून बघावी.

दोन वाजता बाबुराव उठून दारापाशी उभे राहिले. या वयात थांबवून धरता येत नाही, हे आमच्या सासऱ्यांमुळे आम्हाला ठाऊक होतं. नवरा टॉर्च आणि पट्टा घेऊन निघाला. मी चेनच्या फटीतून धीर देत राहिले. तेवढ्यात वस्तीवरची सगळी कुत्री एकदम जीव तोडून भुंकायला लागली. मग तितक्याच एकदम गप्प झाली.

बाबुरावांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. एक दगड पाहिला, नापसंत केला. करवंदीच्या जाळीला प्रदक्षिणा घातली, तीही नापसंत केली. "बाबुराव, आटपा हो," नवरा रडकुंडीला येऊन कुजबुजत होता. ते परत पहिल्या दगडाकडे गेले, विचार केला, आणि अखेर नवऱ्याच्या बुटावर काम उरकलं. आत येऊन लगेच घोरू लागले. आम्ही दोघं उजाडेपर्यंत त्रिकोणात बसून होतो.

सकाळी मामांनी हिशेब केला. माणशी तंबू, जेवण, पोहे-चहा.

"आणि यांचं?" मी विचारलं.

"वय काय?"

"माणसाच्या हिशेबात पंच्याहत्तरच्या पुढे."

"मग राहू द्या," मामा पैसे मोजत म्हणाले. "एष्टीतबी त्यान्ला फुकटच हाये."