लुकलुकता साक्षीदार

आमच्या घराण्यात विजेची बचत म्हणजे संडासातला दिवा बंद करणे. आजोबांनी आयुष्यभर तेच केलं, वडिलांनी, म्हणजे नानांनीही तेच केलं, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ते कानोसा घेत बसलेले असतात: आत कोण गेलंय, किती वेळ झाला, आणि बाहेर येताना बटणाचा 'खट्' असा आवाज आला की नाही. नाही आला, तर "बाप जहागीरदार आहे का तुझा?" असं घरभर ऐकू जाईल इतक्या जोरात विचारतात. प्रश्न चिरंजीवांना असतो, पण तोंड मला लपवावं लागतं, कारण बाप मी.

तो दिवा 9 वॉटचा एलईडी आहे. एक युनिट जाळायला त्याला 111 तास लागतात. म्हणजे सोमवारी सकाळी सातला आत गेलेला माणूस शुक्रवारी रात्री दहाला बाहेर आला, तर कुठे एक युनिट पडतं. (आमचे चिरंजीव मोबाइल घेऊन आत जातात, तरी अजून एवढं झालेलं नाही.) उलट पलीकडच्या बाथरूममधला गिझर 2,000 वॉटचा, अर्ध्या तासात युनिट फस्त करतो. पण तो उजेड पाडत नाही, त्यामुळे नानांच्या नजरेत तो सज्जन. गच्चीवर सोलर आहे, त्याबद्दल महापालिका मिळकतकरात सवलतही देते. मात्र ते गरम पाणी चार मजले उतरून आमच्या नळाला येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडावं लागतं. तेवढा धीर सकाळी सव्वासातला कुणाला?

मे महिन्याचं लाईट बिल 400 युनिटांच्या वर आलं आणि घरात जो तो दुसऱ्याच्या खोलीकडे बघू लागला. नाना एसीकडे, चिरंजीव नानांच्या टीव्हीकडे, ही माझ्याकडे.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचा मात्र या बाबतीत पक्का सिद्धांत आहे. 300 ओलांडले, की सगळीच्या सगळी युनिटं वरच्या दराने लागतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आकडा तीनशेच्या जवळ गेला, की ते महिनाअखेरीला कोथरूडला मुलीकडे राहायला जातात. मी कागद-पेन घेऊन समजावलं. काका, हे बघा, महावितरणचं 2024-25 चं दरपत्रक. पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये 71 पैसे, ते तेवढेच राहतात. पुढच्या 200 ना 10 रुपये 29 पैसे. तीनशेच्या वर पाचशेपर्यंत जी असतील, फक्त त्यांना 14 रुपये 55 पैसे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि मुलीकडचं जेवण? ते धरलंत का यात?"

पण त्या आकडेमोडीत एक गोष्ट हिच्या लक्षात आली. वाचवलेलं युनिट नेहमी वरून कापलं जातं. म्हणजे आपण वाचवू ते सगळ्यात महागडं. 14.55 मध्ये वहन आकाराचा 1 रुपया 17 पैसे मिळवा, त्यावर 16 टक्के वीज शुल्क, की झाले सव्वाअठरा रुपये. एका युनिटाला सव्वाअठरा म्हटल्यावर मीही पायात चपला सरकवल्या आणि खाली मीटरच्या खोलीत गेलो.

मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. तो शोभेचा नाही, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. काचेआड मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, की एका युनिटाला किती लुकलुक. आमच्या मीटरला 3,200. वर चिरंजीव फोन कानाला लावून बटणं दाबत होते, खाली मी मोबाइलच्या घड्याळावर लुकलुक मोजत होतो. "गिझर लाव." सेकंदाला जवळजवळ दोन. "बंद. एसी लाव." तो आधी नुसता वारा देत विचार करत राहिला आणि मग कॉम्प्रेसर सुरू होताच ठिपका धडधडायला लागला. वॉचमन येऊन "साहेब, लाईट गेलीये का?" विचारून गेला. सेक्रेटरी गाडी काढताना थांबले, काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीही न विचारता काच वर केली.

मग म्हटलं, "आता सगळं बंद. फ्रिजसुद्धा." ठिपका थांबायला हवा होता. तो तीस सेकंदांनी लुकलुकला. पुन्हा तीस सेकंदांनी. पुन्हा.

अशा वेळी पुणेकराच्या मनात पहिला विचार येतो तो शेजाऱ्याचा. त्यांची वायर आपल्या मीटरवर आहे! नानांनी तर वरून खिडकीतून तसं जाहीरही केलं. काका गॅलरीतच उभे होते. त्यानंतर मी घाईघाईने वर जाऊन एकेक प्लग उपसायला लावला. सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, पाण्याचा फिल्टर. शेवटी इन्व्हर्टर काढला आणि खाली येऊन पाहिलं, तर ठिपका मेला. हिने वर हिशेब तयारच ठेवला होता. तीस सेकंदाला एक, म्हणजे साडेसदतीस वॉट, चोवीस तास. महिन्याला 27 युनिटं. सव्वाअठराने पाचशे रुपयांना थोडेच कमी. कुणी काहीही न वापरता!

गंमत म्हणून तेवढ्यात संडासातला दिवा लावायला सांगितला. दोन मिनिटं गेली. मला वाटलं, बल्बच गेला. मग पाच सेकंदांनी ठिपका एकदा, अगदी नाइलाजाने, लुकलुकला. एवढ्यासाठी दोन पिढ्या ओरडल्या होत्या.

27 मधला निम्म्याहून जास्त वाटा निघाला इन्व्हर्टरचा, आणि तिथे प्रकरण नाजूक झालं. इन्व्हर्टर नानांचा. 2005 च्या भारनियमनात त्यांनी तो घेतला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते भोकं पडलेला एक खास बनियन घालतात (भोकं ॲसिडची), बॅटरीची सहा बुचं ओळीने वर्तमानपत्रावर मांडतात आणि नरसाळ्याने डिस्टिल्ड वॉटर घालतात. देवाला अभिषेक घालतानाही ते इतके एकाग्र नसतात.

"या इन्व्हर्टरवर पोराने शिष्यवृत्तीचा अभ्यास केलाय," नाना म्हणाले.

"मला शिष्यवृत्ती मिळाली नव्हती, आजोबा."

"तो इन्व्हर्टरचा दोष नाही."

मी म्हटलं, नाना, 2006 मध्येच पुण्याने भारनियमनावर तोडगा काढला होता. गर्दीच्या वेळी कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि जास्त वीज वापरणाऱ्यांनी थोडे जादा पैसे मोजायचे. पुणे पॅटर्न म्हणून गाजलं होतं ते! नाना हरत आले, की मुळशीला जातात. तसे गेले. पाणी मुळशी धरणाचं, पडतं खाली कोकणात भिऱ्याला, वीज करणार टाटा, आणि उजेड मुंबईत. त्याविरुद्ध 1921 पासून सेनापती बापट लढले, आणि आता त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर महावितरणचं प्रकाशभवन! यातून आमच्या इन्व्हर्टरबद्दल नेमकं काय सिद्ध होतं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. "आणि गुरुवारी काय करशील?" हा त्यांचा शेवटचा बाण. पुण्यात पाणी काय, लाईट काय, दुरुस्तीसाठी जायचं ते गुरुवारीच.

तेव्हा तह झाला तो असा, की इन्व्हर्टरचा प्लग फक्त बुधवारी रात्री लावायचा. सेट-टॉप बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणावरच बंद. 2020 पासूनचे एसी 24 अंशांवरच सुरू होतात. आमचे चिरंजीव ते खटपट करून 18 वर नेत आणि मग रजई पांघरत. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वाचतात, असं सरकारी वीजबचतवाले सांगतात, म्हणून त्यांना 26 वर आणलं. वर पंखाही नवा घेऊन दिला, 30 वॉटचा. जुना पंचाहत्तरचा होता. मध्येच पाऊस आला आणि एसी आपोआप बंद पडला. त्याचं श्रेय अर्थातच आम्ही घेतलं.

जूनअखेरीला काका बेल वाजवून आत आले. बसले. खिडकीतलं ते भाषण ते विसरले नव्हते, पण आज काही कामासाठी आले असावेत.

"किती झाली युनिटं?"

"281," मी जरा ऐटीतच म्हटलं.

काकांनी मान डोलावली. "म्हणजे तुमची एकोणीस शिल्लक आहेत, सव्वादहाच्या दरातली. आमची या महिन्यात तीनशेच्या पुढे गेली. मग, उरलेले चार दिवस आमची इस्त्री तुमच्याकडे करून घेऊ का?"