खापर

मुक्ताईला मांडे भाजायला आळंदीत खापर मिळालं नव्हतं. विसोबांनी कुंभारांना दम भरून ठेवला होता, म्हणून मग ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजावे लागले, असं लहानपणी आजीनं सांगितलं होतं. माउलींनी समाधी घेतली 1296 साली, म्हणजे गोष्ट त्याच्याही आधीची. तेव्हापासून गावाची परिस्थिती बरीच सुधारली आहे. भाचीचं लग्न लावायला आम्ही आळंदीत गेलो तर न मागता खापर मिळालं. थेट डोक्यावरच फुटलं.

आळंदीत दर चार पावलांवर एक मंगल कार्यालय. एका दारानं वरात बाहेर पडते आणि दुसऱ्या दारानं पुढचं वऱ्हाड गाद्या शोधत आत येतं. संध्याकाळी पाचला आमच्या मॅनेजरनं हॉल खाली करायला सांगितलं आणि 10,000 रुपयांच्या अनामतीतून काय काय कापलं त्याची यादी हातात ठेवली. यादी कुणाच्या तरी पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर होती. आरसा फोडणे, 2,400. खुर्च्या मोडणे, 3 नग, 1,350. ओगराळी कमी, 2 नग, 600. पंख्याचं पातं वाकवणे, 700. भिंत खराब करणे, 1,800. एकूण 6,850. सकाळपासून सगळं लग्नघर मला नुसतं मामा म्हणत होतं. मॅनेजरनं बनवलासुद्धा.

पंखा पंधरा फुटांवर. मी विचारलं, तिथं कोण गेलं?

‘‘हार घालताना नवरदेवाला उचललं होतं ना, मामा?’’

उचललं होतं, हे खरं. पण उचलणारे त्याचे मित्र होते, क्रेन नव्हती.

आळंदीत कुणावर भिंतीचं बिल फाडायचं हे तसं धाडसाचंच काम. चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा ज्ञानदेव, मुक्ताई ही भावंडं ज्या भिंतीवर बसून सामोरी गेली, ती भिंत भाविकांना अजून दाखवतात. अख्खी भिंत जागची हलली, पण त्यापायी कुणाची अनामत कापल्याचं कोणत्याही कीर्तनात आलेलं नाही. आमच्या भिंतीवर तर नुसती पानाची पिचकारी होती, वाळून काळी पडलेली. आमच्याकडचे विडे तासाभरापूर्वी वाटले होते.

आरशाचं प्रकरण मात्र मी नीट तपासलं. नवरीच्या खोलीतल्या त्या आरशाला तिरका तडा होता. तड्यावर चिकटपट्टी, तीही पिवळी पडलेली. आणि त्या पट्टीवर टिकल्या. लाल, मरून, खड्याच्या, दोन चंद्रकोरी. तोंड धुवायच्या आधी टिकली काढून समोरच्या आरशाला चिकटवायची आणि तिथंच विसरायची, ही आपल्याकडच्या बायकांची रीतच आहे. मी मोजल्या, बारा निघाल्या. बारावी आमच्या भाचीची. याचा अर्थ आमच्या आधी अकराजणींनी हा तडा पाहिला होता, आणि त्यातल्या कितीजणींच्या बापांनी 2,400 भरले ते माउलींनाच ठाऊक.

‘‘टिकल्यांवरून काय ठरतंय, मामा?’’

‘‘टिकली पट्टीच्या वर आहे दादा, खाली नाही.’’

यावर त्यानं खिशातून ट्रम्प कार्ड काढलं. ‘सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या’ असा छापील कागद, आणि खाली भाच्याची सही. हा भाचा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं गेटमधून आलेला बोल्ट मापल्याशिवाय लाइनवर जात नाही, आणि मापाचा काटा हलला तर हा अख्खा ट्रक परत धाडतो. इथं त्यानं पहाटे साडेपाचला, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात घोड्यावाल्याचा फोन धरून, चारशे खुर्च्या आणि एक आरसा पास केला होता.

वऱ्हाडात एक तरी वकील असतोच. आमच्यातल्यानं जिलेबी खाली ठेवून 1872 चा करार कायदा काढला. कलम 151 म्हणतं, भाड्यानं घेतलेली वस्तू तशी सांभाळा, जशी सामान्य शहाणा माणूस स्वतःची सांभाळतो. 152 म्हणतं, एवढं करूनही तुटली तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, जबाबदारी तुमची नाही. कायदा छान आहे. अडचण एवढीच, की लग्नाच्या दिवशी सामान्य शहाणा माणूस आणायचा कुठून? मग त्यानं 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा काढला. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रारीला मुदत दोन वर्षं. दोन वर्षांत बारसंही उरकेल, आणि आमच्या बहिणीचा स्वभाव पाहता याच कार्यालयात.

बहीण पदरानं डोळे पुसत आली. ‘‘जाऊ दे ना रे दादा. शुभकार्यात कटकट नको.’’

एका वाक्यात दोन्ही कायदे खलास. मॅनेजरचा चेहरा उजळला. हे वाक्य त्याला बहुधा रोज ऐकू येत असावं. अनामत कार्यालय घेतं, पण ती राखून ठेवतं ते हे वाक्य.

डोकं शांत करायला मी घाटावर गेलो. इंद्रायणीवर फेस होता. पांढरा, जाड, साबणाच्या जाहिरातीत असतो तसा. वाऱ्यानं त्याचे गोळे सुटून पायऱ्यांवर येत होते. आमच्यातली एक लहान पाहुणी त्यात हात घालायला धावली, तिच्या आईनं तिला मागं ओढलं. शेजारीच एक म्हातारे वारकरी फेस हातानं बाजूला सारून ओंजळ भरत होते.

लोणावळ्याकडून ही नदी निघते, देहूवरून येते, वाटेत शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन पोटात घेते आणि पुढं तुळापूरला भीमेत उतरते. फेस आळंदीला दिसतो. कुणाचा म्हणून विचारावं तर प्रत्येक जण नदीच्या वरच्या अंगाला बोट दाखवतो. बोटं दाखवत दाखवत गेलात तर लोणावळ्याच्या डोंगरात पोचाल, आणि तिथं फक्त पाऊस सापडेल. कायदा इथंही छानच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यात कलम 20 आहे, घाण करणाऱ्यानं पैसे भरावेत, असं तत्त्व लावून निवाडा द्या म्हणून. पण करणार काय? नदीनं कुणाकडून अनामत घेतलेली नाही. घेतली असती तर पत्रिकेच्या पाठीवर का होईना, यादी निघाली असती. आमच्या मॅनेजरला सहा महिने नदीवर नेमून पाहायला हरकत नाही. पाण्यात न उतरलेल्यांकडूनही वसूल करील.

परत आलो तर हॉलच्या मागं गलका चालला होता. दाजी टेम्पोत मोडक्या खुर्च्या चढवत होते.

दाजींचा भोसरीत छोटा प्रेसशॉप आहे. चाकणच्या गाड्यांना लागणारे ब्रॅकेट दाबतात. दर महिन्याला कुठून तरी डेबिट नोट येते. इतके पार्ट रिजेक्ट, इतके पैसे कापले. पार्ट तिकडच्याच फोर्कलिफ्टवाल्यानं आपटलेले असतात, कापले जातात दाजींचे. वीस वर्षांत ते एकच गोष्ट शिकले, भांडायचं नाही, फक्त म्हणायचं, पैसे कापले ना, मग माल परत द्या. परत द्यायची वेळ आली की निम्मा माल पुढं लाइनवर लागून गेलेला निघतो.

‘‘1,350 घेतलेत ना आमचे? मग खुर्च्या आमच्या,’’ दाजी शांतपणे म्हणाले. ‘‘आरसापण काढा भिंतीवरनं. पंखा राहू दे, शिडी नाही आणली.’’

‘‘अहो दाजी, त्या कशाला नेताय? मोडक्या आहेत!’’

‘‘माहितीये. आम्हीच मोडल्या ना?’’

मॅनेजर घामाघूम झाला. एका खुर्चीच्या पायाला सुतळी होती, दुसरीच्या पाठीवर खडूनं ‘दाखवायची’ असं लिहिलं होतं. त्या तीन खुर्च्यांवर आजवर कुणी बसलं नसेल, पण कार्यालयाचं बूड त्यांच्यावरच टेकलं होतं. त्या गेल्या असत्या तर सातच्या लग्नात दाखवायला त्याला नव्यानं काहीतरी मोडावं लागलं असतं.

पाच मिनिटांत 6,850 चे 600 झाले. ओगराळ्यांचे. तेवढे आम्ही मुकाट्यानं भरले. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी बहिणीच्या बुंदीच्या डब्यात सापडलं. दुसऱ्याबद्दल मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

निघताना सातच्या लग्नाची मंडळी काउंटरवर आली. त्यांचे मामा घाईघाईनं नोटा मोजत होते. मी हळूच म्हटलं, ‘‘आधी नवरीच्या खोलीतल्या आरशाचा फोटो काढून ठेवा.’’

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच आरसा विकायला आलोय. ‘‘शुभकार्यात कशाला हो असलं,’’ म्हणाले आणि छापील कागदावर सही केली.

नवरीच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्यांची करवली आरशासमोर उभी होती. तिनं कपाळावरची टिकली काढली, क्षणभर जागा शोधली आणि पिवळ्या पट्टीवर अंगठ्यानं दाबून बसवली. तेरावी.