घरबसल्या, टेकडीवर

बालविकासाची पदवी आता म्हणे घरबसल्या मिळते. शहापूर-मुरबाडच्या आडगावात 'घरबसल्या' म्हणजे घरातून उठायचं, टेकडी चढायची, रेंज शोधायची आणि मग बसायचं. नजरेआड झालेली वस्तूही अस्तित्वात असते, हे बाळाला साधारण आठव्या महिन्यापासून उमगू लागतं, असं मानसशास्त्रज्ञ पियाजे सांगून गेला. आमची विद्यार्थिनी नेटवर्कबद्दल हीच श्रद्धा बाळगून असते.

पुढचा धडा पौगंडावस्थेचा: या वयात मुलं स्वतःची ओळख शोधतात. खरंच आहे. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी पोरांची ओळख शाळेच्या हजेरीपटात सापडते. पुढे फक्त 'गैरहजर' लिहिलेलं असतं.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला उलटा उद्योग केला. मूल शाळेत येईना, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातही नेली. ना लिंक, ना पासवर्ड; नुसती पायपीट. लोकांनी श्रेय भरपूर दिलं. श्रेयांक मात्र एकही नाही!